हात बसण्याचे गणित

हात बसला की काम भराभर उरकते, हे शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण किती कामानंतर हात किती बसतो, हे आकड्यांत मांडले ते विमानाच्या धंद्यातल्या माणसाने. थिओडोर पॉल राइट या अमेरिकन अभियंत्याने 1936 मध्ये विमानांच्या खर्चावर एक लेख लिहिला. तयार विमानांची संख्या दुप्पट झाली की दर विमानामागची सरासरी मजुरी सुमारे 80 टक्क्यांवर येते, असे त्याला आढळले.

समजा, हाच हिशेब कुर्तीला लावला. पहिल्या कुर्तीला 5 तास लागले, तर 2 कुर्त्यांची सरासरी 4 तास, 4 कुर्त्यांची 3 तास 12 मिनिटे आणि 8 कुर्त्यांची अडीच तासांहून थोडी जास्त. सुरुवातीला वेळ झपाट्याने कमी होतो. पुढे मात्र 100 नगांनंतर तशीच घट हवी, तर 200 नग पुरे करावे लागतात. अर्थात 80 हा आकडा सगळीकडे चालत नाही. यंत्रच वेग ठरवत असेल, तर माणसाच्या शिकण्याला वाव कमी.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 2,700 हून अधिक लिबर्टी मालवाहू जहाजे बांधली. कामगारांत कितीतरी जण अगदी नवखे होते, बायकाही होत्या. पहिल्या जहाजाला सुमारे 8 महिने लागले. पुढे सरासरी दीड महिन्याच्या आसपास आली. हे सगळे श्रेय सरावाचे नव्हे. मोठे भाग आधीच जोडून ठेवण्याची पद्धत आणि नवी यंत्रसामग्री यांचाही त्यात वाटा होता.

बसलेला हात मोडतोही. लॉकहीड कंपनीने ट्रायस्टार विमानाचे उत्पादन 1970 च्या दशकाच्या मध्यात मागणीअभावी घटवले, अनुभवी कामगार गेले. पुन्हा काम वाढले तेव्हा दर विमानामागची मजुरी कमी होण्याऐवजी वाढली होती.

आता घरी नगावर शिवणाऱ्या बायकांचे पाहू. दर ठरतो तो बहुधा सरावलेल्या हाताच्या वेगावर. नमुना बदलला की घड्याळ पुन्हा पहिल्या कुर्तीपाशी येते, दर मात्र जुनाच राहतो. म्हणून नवा नमुना घेताना पहिल्या डझनाचा दर वेगळा मागावा, असे मला वाटते. त्यासाठी प्रत्येक नगाला लागलेला वेळ वहीत लिहून ठेवला, तर ठेकेदारापुढे ठेवायला आकडे हाती असतील.