गार पाण्याचे फूल

मालदीवच्या कंकणद्वीपांच्या बाहेरच्या कडेला प्रवाळांचा उतार झपाट्याने खोल जातो. पन्नास-साठ मीटरांवर प्रवाळाच्या मोडक्या फांद्यांचा खच पडलेला असतो आणि सगळ्यावर निळसर राखाडी छटा असते, कारण सूर्यप्रकाशातला लाल रंग पाण्याने वरच्या थरातच शोषून घेतलेला असतो. त्या अंधुक उजेडात बोटाएवढ्या माशांचा एक घोळका प्रवाहातून येणारे सूक्ष्म जीव टिपत असतो. पाणबुड्या दिव्याचा झोत टाकतो आणि तो फिकट घोळका एकदम रंगून उठतो. गुलाबी, केशरी, किरमिजी, आणि नराच्या पाठीवरचा पर तर जांभळट लाल. हा आहे ‘सिर्‍हिलाब्रस फिनिफेनमा’. मार्च २०२२मध्ये विज्ञानाने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, पण त्याच्या कितीतरी आधी तो हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांमध्ये पोहोचला होता.

हा मासा ‘फेअरी रॅस’ म्हणजे परी-रॅस या गटातला. हिंदी आणि प्रशांत महासागरांत या गटाच्या साठाहून अधिक जाती आहेत. जवळून पाहिले तर यांच्या डोळ्यात जोड बाहुली असल्याचा भास होतो, कारण डोळ्यावरचा पारदर्शक पडदा मध्यभागी दोन भागांत जाड झालेला असतो. यांच्या कळपात एखादाच मोठा नर असतो आणि बाकीच्या माद्या. तो नाहीसा झाला की एखादी मोठी मादी नर बनू लागते. तिचा रंग आणि परांचा आकार दोन्ही बदलतात. रात्री हे मासे प्रवाळाच्या फटीत शिरतात, स्वतःभोवती चिकट स्रावाची खोळ विणतात आणि तिच्यात झोपतात.

जिथे लाल प्रकाश पोहोचतच नाही, तिथे लाल अंगाचा उपयोग काय? या गटातल्या ‘सोलोरेन्सिस’ या भाऊबंदावर झालेले संशोधन २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. नरांच्या अंगावरचे काही भाग निळा-हिरवा प्रकाश शोषून गडद लाल प्रकाश परत सोडतात. आरशातल्या प्रतिबिंबात ही लाल झळक दिसू दिली की नर अधिक चवताळून अंगावर जातात आणि ती झाकली की त्यांचा आवेश कमी होतो. म्हणजे आपल्या डोळ्यांना जिथे राखाडीच दिसते, तिथे या माशांमध्ये रंगांची बोलणी चाललेली असतात.

फिनिफेनमाची ओळख पटायला मात्र फार उशीर झाला. १९८३मध्ये मालदीवच्या दक्षिणेकडच्या चागोस बेटांजवळ सापडलेल्या अवघ्या एका पिल्लावरून ‘रुब्रिस्क्वामिस’ ही जात ठरवण्यात आली होती. नव्वदच्या दशकात मालदीवमध्ये फिनिफेनमाचे मासे हाती आले, तेव्हा हेच त्या पिल्लाचे प्रौढ रूप असावे, असे धरले गेले. चूक समजण्यासारखी होती. परी-रॅसच्या कितीतरी जातींची पिल्ले एका साच्यातून काढल्यासारखी दिसतात आणि जातीची खरी खूण मोठ्या नराच्या अंगावरच उमटते. पुढे परातल्या काट्यांची मोजणी, खवल्यांची मापे, नराचे रंग आणि डीएनए यांची शेजारी शेजारी तुलना झाली, तेव्हा दोन्ही मासे वेगळे असल्याचे सिद्ध झाले.

उशिराचे दुसरे कारण खोली. हौशी पाणबुड्याची मर्यादा ४० मीटर, आणि फिनिफेनमा ४० ते ७० मीटरांत राहतो. पाणबुडी नौकांना प्रवाळाच्या खाचाखोचांत शिरता येत नाही. या मधल्या संधिप्रकाशी पट्ट्यात जायचे तर उच्छ्वास शुद्ध करून पुन्हा पुरवणारे ‘रिब्रीदर’ यंत्र आणि हेलियम मिसळलेला वायू लागतो. तळाशी काही मिनिटे काढली, तरी रक्तात विरघळलेला वायू सुखरूप बाहेर पडावा म्हणून वर येताना टप्प्याटप्प्यांवर थांबत तासन्‌तास घालवावे लागतात.

ही जात ज्यांनी जगापुढे मांडली, त्या चौघांत लुईझ रोचा, यी-काय टी आणि जोसेफ रॉलेट यांच्यासोबत अहमद नजीब हे नाव आहे. नजीब मालदीवचे जीवशास्त्रज्ञ. मालदीवच्या पाण्यातल्या माशाचे शास्त्रीय वर्णन करणाऱ्यांत त्या देशाचा संशोधक असण्याची ही पहिलीच वेळ. आणि माशाला नाव मिळाले ते मालदीवच्या धिवेही भाषेतले. फिनिफेनमा म्हणजे गुलाब, त्या देशाचे राष्ट्रीय फूल. शब्द फोडला की फिनि म्हणजे गार, फेन म्हणजे पाणी आणि मा म्हणजे फूल. धिवेही ही मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली भाषा. आपल्या ‘प’च्या जागी तिच्यात बऱ्याचदा ‘फ’ येतो. पाच तिथे ‘फस’ होतात, पाण्याचे ‘फेन’ होते. लॅटिनच्या साच्यात बसवलेल्या या नावात आपलेच पाणी वाहते आहे.

माशांना सहसा बाजार नाव देतो. बोंबील, मांदेली, रावस ही आपली नावे ताटातून आली. फिनिफेनमाला बाजाराने उचलले ते दुसऱ्याच्या नावावर. तो आज मुबलक आहे, त्याला लगेच मोठा धोका नाही. पण ज्या जातीला नावच नाही, तिची पकड किती झाली याचा हिशेब कुठल्या खात्यात लिहिणार? संरक्षणाच्या कुठल्या यादीत तिला घालणार? १९९८च्या उष्ण वर्षात मालदीवचे उथळ प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणावर मेले, तेव्हा काय गेले याचा अंदाज घेता आला, कारण तिथे आधी माणसे उतरली होती, त्यांनी पाहिले होते, नावे लिहिली होती.

विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, अरबी समुद्राच्या पोटात आपलेही एक बुडालेले प्रवाळपठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ते आंग्रिया बँक म्हणून ओळखले जाते. पठाराला दर्यासारंगाचे नाव मिळाले, हे योग्यच झाले. आता त्याच्या उतारांवर राहणाऱ्यांची गणती व्हायला हवी, आणि त्यांतल्या एखाद्याचे नाव कोकणच्या बोलीतून यायला हवे. त्यासाठी कोकणातल्या मुलांनी तिथवर खोल उतरायला हवे.