स्टॉकहोममधलं पाचवं मूल

"कुंदा आणू नकोस गं, विमानतळावर काढून घेतील!"

स्टॉकहोमहून आतेभावाचा फोन आला, तेव्हा बेळगावात घेतलेला किलोभर कुंदा माझ्या बॅगेत जाऊन बसला होता. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, हे मला ठाऊकच नव्हतं. कुंदा निपाणीत आईकडे राहिला. त्याच्या जागी थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि घरचा मसाला गेला. तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल, तर पहिली सूचना हीच.

दुसरी सूचना झोपेची. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास पुन्हा सूर्य उगवतो. पहिल्या दिवशी लख्ख उजाडलेलं पाहून मी उठले, चहा ठेवला आणि मग घड्याळ पाहिलं. पावणेचार! वहिनीने दुसऱ्या दिवशी खिडकीला जाड पडदा लावून दिला.

तिसरी सूचना पैशांची. बाजारात बदलून घेतलेले स्वीडिश क्रोन मी जसेच्या तसे परत आणले. बहुतेक दुकानांत, बसमध्ये, इतकंच काय सार्वजनिक स्वच्छतागृहातही कार्डच चालतं. पिण्याचं पाणी मात्र नळाचंच आणि उत्तम. बाटली विकत घेऊ नका, घरून रिकामी न्या.

स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलं आहे. एका बाजूला मेलारेन सरोवर, दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र. जुनं शहर, म्हणजे 'गामला स्तान', चालतच पाहावं. दगडी गल्ल्या इतक्या अरुंद की दोघांनी शेजारून जाताना अंग चोरावं लागतं. मेट्रोची १०० स्थानकं आहेत आणि त्यातल्या ९० हून अधिक ठिकाणी चित्रं नाहीतर शिल्पं आहेत. काही स्थानकांत खडक तसाच ठेवून त्यावर रंगकाम केलंय. तिकीट काढून नुसती स्थानकं बघत फिरलात तरी दिवस सार्थकी लागतो.

आणि 'वासा' जहाज चुकवू नका. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्वीडनच्या राजाची ही भव्य युद्धनौका पहिल्याच सफरीला निघाली आणि दीड किलोमीटरही न जाता बंदरातच बुडाली. वर तोफांचा भार फार, खाली तोल सांभाळायला वजन कमी. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही. (हे वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं.) ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, ती पाण्याबाहेर काढली. आज ती जवळजवळ अख्खी आपल्यासमोर उभी आहे.

निपाणीच्या माणसाला आणखी एक गंमत दिसते. तिकडे लोक ओठाखाली तंबाखूची इवलीशी पुडी धरतात, तिला 'स्नूस' म्हणतात. युरोपीय संघात ती विकायला बंदी आहे, सूट फक्त स्वीडनला. तंबाखूच्या वखारींच्या गावातून मी इतक्या लांब गेले, आणि तिथेही तंबाखू भेटलाच!

पण हा लेख मी लिहायला घेतला तो एका संध्याकाळमुळे. जेवणं झाल्यावर आतेभाऊ कागद घेऊन बसला होता. त्यावर चार मुलांची नावं होती. पाचवी ओळ रिकामी.

"हे काय रे दादा?"

"मराठीचा तास. पाच मुलं लागतात."

स्वीडनच्या शाळांत मातृभाषा शिकण्याची सोय आहे. आई-वडिलांपैकी एकाची तरी भाषा स्वीडिशहून वेगळी हवी, ती घरात रोज बोलली जायला हवी आणि मुलाला ती थोडीफार यायला हवी. एका नगरपालिकेच्या हद्दीत निदान पाच मुलांनी मागणी केली आणि योग्य शिक्षक मिळाला, तर त्या भाषेचा तास द्यावा लागतो. फी नाही, वर ग्रेडही मिळते. भाषा कुठलीही असो. मात्र मागावी लागते, आपोआप कुणी देत नाही.

माझी नऊ वर्षांची पुतणी त्या यादीत पहिली. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. आजीने लिहिलेलं पत्र तिने फ्रिजवर लावून ठेवलंय आणि रोज त्यातलं एखादं अक्षर ओळखते.

रविवारी आम्ही पाचव्या घरी गेलो. वहिनीची मैत्रीण मूळची बेळगावची, शहापूरची. तिचे यजमान हुबळीचे, कानडी बोलणारे. मुलगा सात वर्षांचा. आईशी मराठी, बाबांशी कन्नड, आमच्याशी दोन्हीची मिसळ, आणि खिडकीतून मित्राला हाक मारताना स्वीडिश. अडचण एकच. साधारणपणे एका मुलाला एकाच मातृभाषेचा तास मिळतो.

"घरात आम्ही कधी निवडलंच नाही हो," ती म्हणाली. "इथं फॉर्मवर एकच रकाना आहे."

यजमान हसले, पण तेही लगेच काही बोलले नाहीत. आपल्याकडे भाषेच्या नावावर किती डोकी तापतात हे आपण सारे जाणतो. त्या खोलीत कुणाचंच डोकं तापलं नव्हतं. दोघांनाही आपापली भाषा मुलाला द्यायची होती आणि दुसऱ्याची काढून घ्यायची नव्हती. भाजणीची थालीपिठं आली, विषय तिथेच थांबला. मी निघेपर्यंत पाचवी ओळ रिकामीच होती.

परतीच्या विमानात मला आपल्याकडचा नियम आठवत राहिला. १९५६ च्या घटनादुरुस्तीने आलेलं ३५० अ हे कलम सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. त्याआधी, १९४९ मध्येच, राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत आकडा ठरला होता: वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असतील, तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा. तिथे मिळतो तो भाषेचा एक तास. आपल्याकडे अख्खी शाळा मिळू शकते: गणित मराठीत, विज्ञान मराठीत, भांडणंसुद्धा मराठीत. सीमाभागात अशा शाळा आहेत. आमच्या आधीच्या पिढ्यांनी त्या मागून, झगडून टिकवल्या. आणि त्यांचे वर्ग ओस पडण्यात आपलाही हात आहे. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात जाते. हे लिहिताना हात अडखळतो, पण खरं आहे.

म्हणून तिला ओरडायचं नाही आणि स्वतःला कोसायचंही नाही. मी एवढंच केलं: घरी आल्यावर रोज रात्री अर्धा तास तिला मराठी वाचायला बसवायला लागले. शनिवारी ती व्हिडिओ कॉलवर पुतणीला एक पान वाचून दाखवते. पुतणी तिला स्वीडिश आकडे शिकवते.

मागच्या आठवड्यात आतेभावाचा फोन आला. हुबळीच्या यजमानांनीच फॉर्म भरला होता. मराठी. "कन्नड मी घरी शिकवीन, मला लिहिता येतं," असं ते म्हणाले. "हिला मराठी लिहायचा कंटाळा आहे!"

आता शिक्षक शोधणं चालू आहे. तुमच्या ओळखीत तिकडे राहणारं कुणी असेल, तर जरूर कळवा.