आपले मुख व कंठ : रचना आणि रक्षण

विद्यार्थी मित्रांनो, आपली वर्णमाला हा एक प्रकारे शरीरशास्त्राचा पाठच आहे. क-वर्गाला कंठ्य, च-वर्गाला तालव्य, ट-वर्गाला मूर्धन्य, त-वर्गाला दंत्य आणि प-वर्गाला ओष्ठ्य म्हणतात. म्हणजे गळ्यापासून ओठांपर्यंत ज्या क्रमाने मुखाचे भाग येतात, त्याच क्रमाने आपण अक्षरे पाठ करतो.

‘बुद्ध’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. ‘ब’साठी ओठ मिटतात, ‘उ’साठी ओठांभोवतीचा गोल स्नायू आवळला जातो आणि ‘द्ध’साठी जिभेचे टोक वरच्या दातांना टेकते. ‘संघ’ म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलला जाऊन मऊ टाळूला भिडतो. हे शब्द उच्चारताना बहुतेक वेळ स्वरयंत्रातील स्वरतंतू सेकंदाला शंभराहून अधिक वेळा कंप पावत असतात.

या स्नायूंना हुकूम कोण देतो? मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यांपैकी पाचवी जोडी चावण्याचे स्नायू चालविते. दात घट्ट आवळून कानशिलावर बोटे ठेवा, तेथील स्नायू फुगलेला जाणवेल. सातवी जोडी चेहऱ्यावरचे हसू, राग, दुःख दाखविते. ती कानामागील हाडाच्या अरुंद बोगद्यातून येते. तेथे तिला सूज आली की चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून तोंड वाकडे होते. आपल्याकडे ‘वारं गेलं’ म्हणून अंगारे-धुपारे करतात. तसे न करता ताबडतोब डॉक्टर गाठावा. तोंडाबरोबर हात-पायही लुळे पडले किंवा बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा क्षणाचाही विलंब नको. दहावी जोडी टाळू व स्वरयंत्र सांभाळते, तर बारावी जोडी जीभ हलविते.

या मुखाची व कंठाची थोरवी वलगावकरांना वेगळी सांगायला नको. शाळेचे तोंड न पाहिलेल्या संत गाडगेबाबांनी वऱ्हाडी बोलीतील कीर्तनाने खेडोपाडीच्या लोकांना जागे केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळच बाबांचा आवाज शांत झाला.

आज त्याच मुलखात तरुणांचे तोंड उघडेनासे होत आहे, आणि याला कारण आहे खर्रा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिलेली पुडी गालात तासन् तास राहते. सुपारीतील द्रव्यांमुळे तोंडाच्या नाजूक आवरणाखाली चिवट तंतू साचत जातात. प्रथम ठेचा, भाजी झोंबू लागते. मग गाल पांढुरके व ताठ होतात. पुढे खालचे स्नायूही आखडतात आणि जबडा उघडत नाही. टाळू कडक झाल्याने आवाज नाकातून येतो, कानही दुखतो. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ साली भारतातील असे रुग्ण नोंदविले होते. यांतील काहींना पुढे कर्करोग होतो. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली, पण कायदा प्रत्येकाच्या गालापर्यंत पोहोचू शकत नाही.

एक सोपी परीक्षा घरीच करता येते. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. ती जात नसतील तर दंतवैद्याकडे जा. एकदा साचलेले तंतू आपोआप विरघळत नाहीत. मात्र सुपारी वेळीच सोडली, तोंडाचे व्यायाम व उपचार केले, तर आजाराला आवर घालता येतो. तोंडातील जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, अथवा आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तपासणी करून घ्यावीच.

बंधू-भगिनींनो, विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याची पाचवी प्रतिज्ञा ज्या मुखाने घ्यायची, त्याच मुखात खर्रा धरून विहाराची पायरी कशी चढावी? आपल्या आजा-पणज्यांना बोलण्याचीही बंदी होती. बाबासाहेबांनी आपल्याला वाणी दिली. ती पुडीपायी गमावू नका. मुलांसमोर खर्रा खाणार नाही, आणि मुलांच्या हाती तो आणायला पाठविणार नाही, एवढा निश्चय प्रत्येक घराने केला तरी पुष्कळ होईल.

जय भीम!