लुक्ला : चढावरची धावपट्टी

नेपाळच्या सोलुखुंबू जिल्ह्यातील लुक्ला येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,850 मीटर उंचीवर, एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने 1964 मध्ये तयार झालेल्या धावपट्टीची लांबी अवघी 527 मीटर असून तिला जवळपास 12 टक्के चढ आहे. म्हणजे तिच्या दोन टोकांच्या उंचीत सुमारे 60 मीटरांचा फरक पडतो.

हा चढ मोठ्या कल्पकतेने वापरला जातो. उतरणारे विमान चढाच्या दिशेने धावत असल्याने त्याचा वेग लवकर कमी होतो, तर उड्डाण करणाऱ्या विमानाला उताराची जोड मिळून आवश्यक वेग थोड्या अंतरात गाठता येतो. मात्र वरच्या टोकाशी डोंगर उभा असल्यामुळे, उतरण्याचा प्रयत्न अर्धवट सोडून पुन्हा वर झेपावण्याची सोय अखेरच्या टप्प्यात वैमानिकाजवळ उरत नाही, आणि त्याच्या कौशल्याची खरी कसोटी इथेच लागते.

या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने कमी असते. त्यामुळे पंखांना तेवढीच उचल, म्हणजे विमानाला वर तोलून धरणारे बल, मिळवण्यासाठी विमानाचा प्रत्यक्ष वेग सुमारे 15 टक्के अधिक असावा लागतो. म्हणूनच येथे ट्विन ऑटर, डॉर्नियर 228 यांसारखी आखूड धावपट्टीसाठी घडवलेली छोटी विमानेच येतात, आणि दिवस चढेल तसे वारे व ढग वाढत असल्याने बहुतेक उड्डाणे सकाळीच उरकली जातात.