गिटारच्या पोटातील पट्ट्या

ज्या कल्याणीत बाराव्या शतकात चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात गायनवादनाचा विचार झाला, त्याच आजच्या बसवकल्याणात बसून आम्ही एका परदेशी वाद्याविषयी लिहीत आहोत. आमच्या गोव्याकडील घरी मात्र हे वाद्य परके नव्हे. तेथून आणलेल्या एका जुन्या गिटारने आम्हांस जो धडा दिला, तो विद्यार्थी मित्रांपुढे ठेवतो.

या गिटारची वरची फळी घोडीजवळ फुगू लागली होती. आम्ही सुताराकडून आत एक जाड पट्टी सरसाने चिकटवून घेतली. फुगवटा थांबला, पण आवाजही बसला! दोष सुताराचा नव्हता. ‘मजबूत करा’ एवढेच आम्ही सांगितले होते. नादाचे नावही काढले नव्हते.

तार बारीक असते. ती एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीतून फळीत उतरते आणि फळी हवेला हलवते. ही फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची, आणि सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण ७० किलोग्रॅमच्या आसपास! फळी जाड केली तर ती मुकी होते. पातळ ठेवली तर वाकते. म्हणून पातळ फळीला आतून पट्ट्यांचा आधार देतात. स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) याने तातीच्या तारांच्या गिटारसाठी सात पट्ट्या पंख्यासारख्या मांडण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेत १८४० नंतरच्या दशकात मार्टिन यांच्या कारखान्यात फुलीच्या आकाराची मांडणी आली; तीच पुढे पोलादी तारांना मानवली.

आता पट्टीच्या मापाकडे वळू. आपली लाकडी मोजपट्टी आडवी धरून वाकवा. ती सहज वाकेल. उभ्या कडेवर धरून वाकवू पाहा, वाकणार नाही. लाकूड तेच, वजन तेच. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. उंची दुप्पट केली तर तो आठपट होतो. उलट, १० मिलिमीटर उंचीची पट्टी ८ मिलिमीटरवर आणली, तर वजन एक-पंचमांशाने घटते, पण ताठपणा जवळजवळ निम्मा होतो. म्हणूनच कारागीर पट्टी उंच पण अरुंद ठेवतात, तिचा माथा निमुळता करतात, टोके उतरती करतात आणि लाकडाचे रेषे पट्टीच्या लांबीने जातील असे पाहतात. थोडे तासावे, फळीवर बोटाने टिचकी मारावी, कान द्यावा, पुन्हा तासावे, असे ते काम चालते. तासलेले लाकूड परत जोडता येत नाही. म्हणून हात सावध हवा.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांपुढेही हाच प्रश्न असतो. तेथील ही विद्या एकोणिसाव्या शतकात शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांच्यापासून वाढली. २०२४ साली तेथील सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांच्या तबलीला किंचित उभार असतो आणि कमानीप्रमाणे ती भार पेलते. सपाट फळीला जे पट्ट्यांकडून मिळते, ते तेथे मोठ्या अंशी आकारच देतो.

हे उमगल्यावर आम्ही गिटारच्या तोंडातून हात घालून ती जाड पट्टी काचकागदाने कित्येक संध्याकाळी झिजवली. नाद हळूहळू परतला आणि फुगवटा वाढला नाही. आधार हवाच, पण ज्याला आधार द्यावयाचा, त्याचा आवाज दबणार नाही एवढाच तो असावा.