दाढ दुखली तर जायचे कुठे? सोलापूरच्या विडी कामगार महिलांपुढचे पर्याय

सोलापूर : विडीचा हिशेब हजारावर होतो. विड्या वळून कारखान्यात दिल्या नाहीत, तर त्या दिवसाची मजुरी नाही. त्यामुळे शहराच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या घरकुलात राहणारी कामगार महिला दाढ दुखू लागली की बऱ्याचदा आधी मिश्री लावते. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरडीवर घासली की ठणका काही वेळ बधिर होतो. कीड मात्र आत जातच राहते, आणि मिश्रीची सवय जडते ती वेगळीच. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्राने १९९२ मध्येच बंदी आणली. पण मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते. तिथे कायदा कोण पाहणार?

योजनेत काय बसते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया त्यात बसते. दाढ भरणे, रूट कॅनल, कवळी बसत नाही, कारण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल करून करायच्या उपचारांसाठी आहे. दातांचे बहुतेक काम ओपीडीतले. म्हणजे आजार वाढला की पैसे आहेत, सुरुवातीला नाहीत.

मग स्वस्तात उपचार कुठे?

शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सोलापूरकरांचे ‘सिव्हिल’. ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, त्यामुळे केसपेपरचे शुल्क लागते, पण खासगी दवाखान्याच्या मानाने ते किरकोळ. आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत मात्र १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. अक्कलकोट, पंढरपूरकडच्यांनी आधी तिथे दंतचिकित्सकाचे वार विचारून घ्यावेत. तिसरा पर्याय केगावच्या दंत महाविद्यालयाचा. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्ण हवे असतात, म्हणून तिथले दर कमी. प्राध्यापकांच्या देखरेखीमुळे वेळ मात्र जास्त लागतो.

खरी अडचण इथेच आहे. दाढ काढणे एका फेरीत उरकते, रूट कॅनलला बहुधा दोन-तीन फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीला मजुरी बुडते, रिक्षाचे भाडे वेगळे. वाचू शकणारी दाढही मग काढून टाकली जाते. वस्तीत शिबिरे होतात, पण तपासून चिठ्ठी हातात दिली की पुढचा उपचार पुन्हा शहरातच. संध्याकाळची ओपीडी किंवा उपचाराच्या खुर्चीसह येणारी गाडी यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मुलांसाठी सोय थोडी बरी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडी आणि सरकारी शाळेत तपासणीला येते, त्यात दातांची कीडही पाहिली जाते. पथकाची चिठ्ठी घरी आली तर ती जपून ठेवावी.

थांबू नये असे काय?

तोंडातला व्रण दोन आठवड्यांत बरा झाला नाही, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तोंड पूर्वीइतके उघडेना, तर दुखत नसले तरी लगेच दाखवावे. मिश्री, सुपारी, गुटखा असेल तर नक्कीच. फुले योजनेची मदतवाहिनी : १५५३८८. जाताना रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवावे.