सापासाठी गांडुळे विकत आणताना

गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतल्या नातवाने त्याचा नवा सोबती दाखवला. काचेच्या पेटीत पेन्सिलीएवढा जाड, अंगावर पिवळे पट्टे असलेला साप! "अगं बाई!" एवढेच माझ्या तोंडून निघाले. लेकीने समजावले, हा गार्टर साप. माणसाला त्याच्यापासून धोका नाही, साप पाळणाऱ्याकडेच जन्मलेला आहे आणि त्यांच्या राज्यातले नियम पाहूनच आणला आहे. नातवाला मात्र मलाच काहीतरी विचारायचे होते.

"आजी, हा गांडुळं खातो. आपल्या खताच्या डब्यातली दिली तर चालतील ना?"

तो खताचा डबा लेकीला मीच लावायला शिकवला होता. बेळगावात आमच्या गच्चीवर गांडूळखत बरीच वर्षे होते. त्यामुळे "दे की रे, त्यात काय!" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण आमचा भाचा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. त्याला विचारून सांगते म्हटले. त्याचे उत्तर ऐकले आणि थांबले ते बरे केले असे वाटले. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुले-नातवंडे परदेशी आहेत आणि तिकडे असे प्राणी पाळण्याची हौस बरीच दिसते. म्हणून भाच्याने सांगितलेले आणि आम्ही नंतर पडताळून पाहिलेले इथे लिहीत आहे.

आधी साप कोणता ते पाहा

सगळे साप गांडुळे खात नाहीत. घरी पाळले जाणारे कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन हे उंदीर खाणारे साप आहेत. त्यांच्यापुढे गांडूळ ठेवून उपयोग नाही. गार्टर साप मूळचा उत्तर अमेरिकेचा. ओलसर जागी, पाण्याच्या आसपास राहतो आणि गांडुळे, बेडूक, लहान मासे यांच्यावर जगतो.

दुकानात गोंधळ होतो तो नावामुळे. इंग्रजीत गांडुळालाही 'वर्म' आणि अळीलाही 'वर्म'. मीलवर्म, सुपरवर्म या नावांनी डबीत मिळतात त्या खरे तर भुंग्यांच्या अळ्या. त्या पाली-सरड्यांसाठी आणि पक्ष्यांसाठी असतात, गार्टर साप सहसा त्यांना तोंड लावत नाही. आपल्या मराठीत गांडूळ वेगळे आणि अळी वेगळी. नातवाला मी हेच सांगितले, "दुकानात गेलास की मनात मराठीत विचार कर!"

गांडुळांतही जाती आहेत

आता खताच्या डब्याकडे येऊ. गांडूळखतासाठी जगभर जे लालसर, बारीक, चपळ गांडूळ वापरतात त्याचे शास्त्रीय नाव आयसेनिया फेटिडा. तिकडे त्याला रेड विग्लर म्हणतात. आपल्याकडच्या खतातही ते सर्रास असते. ते डिवचले की अंगातून पिवळसर, घाण वासाचा स्राव सोडते. नावातल्या 'फेटिडा'चा अर्थच दुर्गंधी असलेले. या स्रावात लायसेनिन नावाचे प्रथिन असते आणि ते पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पेशींना इजा करते. म्हणून गार्टर साप पाळणारे जाणकार रेड विग्लर टाळा असे बजावून सांगतात. साप ते ओकून टाकू शकतो, आजारी पडू शकतो. मातीसाठी सोन्यासारखे असलेले हे गांडूळ सापाच्या पोटाला चालत नाही.

गार्टर सापाला चालते ते मोठे, जाडजूड नाइटक्रॉलर, म्हणजे लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस. अमेरिकेत मासेमारीच्या गळाला लावण्यासाठी ते डबीतून विकतात. त्यातला बराच माल कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातून येतो. तिथे रात्री शेतात कपाळाला दिवे लावून मजूर ती हाताने वेचतात.

विकत घेताना

डबीवर नाव वाचावे. नुसते 'वर्म्स' लिहिले असेल तर दुकानदाराला जात विचारावी. त्याला सांगता आले नाही तर घेऊ नये.

माशांना दिसावीत म्हणून काही गांडुळे रंग खाऊ घालून हिरवीगार केलेली असतात. ती सापासाठी घेऊ नयेत. गळासाठी विकलेल्या मालाला खाद्य म्हणून कोणी तपासलेले नसते, हेही लक्षात ठेवावे. जमल्यास पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानातून किंवा गांडुळे वाढवून विकणाऱ्याकडून, कशावर वाढवली ते विचारून घ्यावीत.

पैसे वाचवायला अंगणातली किंवा बागेतली गांडुळे उकरू नयेत. हिरवळीवर तणनाशके, कीटकनाशके मारलेली असतात. गांडूळ माती गिळत जगते, त्यामुळे मातीतली विषारी द्रव्ये आणि शिसे, कॅडमियमसारखे धातू त्याच्या अंगात साठतात. परजीवी असतात ते वेगळेच.

डबी उघडून वास घ्यावा. ताज्या गांडुळांना ओल्या मातीचा वास येतो. सडका वास आला किंवा बरीच मेलेली, लिबलिबीत दिसली तर डबी परत करावी. बोट लावल्यावर गांडूळ आखडले पाहिजे.

घरी आणल्यावर

नाइटक्रॉलर थंडाव्यात टिकतात. फ्रीजमध्ये, पण जेवणाच्या पदार्थांपासून दूर, झाकण असलेल्या आणि हवेला भोके पाडलेल्या डब्यात ठेवावीत. मेलेली रोज काढून टाकावीत. खायला घालण्याआधी एक दिवस ओल्या कागदावर ठेवली की पोटातली माती बाहेर पडते. मग साध्या पाण्याने धुऊन, पिल्लू लहान असेल तर तुकडे करून, उथळ ताटलीत द्यावीत. तळाच्या भुशावर टाकली तर भुसाही सापाच्या पोटात जातो.

नुसत्या गांडुळांवर साप ठेवू नये. त्यांत कॅल्शियम कमी असते. म्हणून अधूनमधून कॅल्शियमची पूड लावतात आणि सोबत गोठवून वितळवलेली उंदराची पिल्ले किंवा मासे देतात. माशांतही निवड आहे. गोल्डफिशसारख्या काही माशांत थायमिनेज नावाचे द्रव्य असते, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करते आणि सापाला झटके येऊ शकतात. सामन, ट्राउट चालतात. साप वारंवार ओकू लागला किंवा खाणे सोडले, तर घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

उरलेली गांडुळे "जा बाबांनो, जगा" म्हणून रानात सोडू नयेत. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात मूळची गांडुळे जवळजवळ नव्हतीच. हे नाइटक्रॉलर युरोपातून आलेले आहेत. जंगलातला पालापाचोळा ते झपाट्याने संपवतात आणि त्यावर जगणारी रोपे, जीव अडचणीत येतात. उरलेली पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावीत.

आणि हात! साप, त्याची पेटी, त्याचे खाद्य यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. सापांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. ताटली स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये. पाच वर्षांखालची मुले आणि पासष्टच्या पुढची माणसे यांनी सरपटणारे प्राणी हाताळू नयेत असे तिकडचे आरोग्य खाते सांगते. म्हणजे सुट्टीत गेले तरी मला लांबूनच राम राम.

आणि आपल्याकडे?

हे वाचून इथल्या कोणा मुलाच्या मनात साप पाळण्याचे आले तर आधीच सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे आपल्याकडचे रानटी साप पकडणे आणि घरी ठेवणे हा गुन्हा आहे. घरात साप निघाला तर वन खात्याला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवावे.

पण गांडुळे खाणारे साप आपल्या दाराशीच आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? पश्चिम घाटात जमिनीखाली राहणारा, बोथट खरखरीत शेपटीचा खापरखवल्या मुख्यतः गांडुळांवरच जगतो. पावसाळ्यात घाटरस्त्यावर येतो आणि गाडीखाली सापडतो. कुंडीत किंवा खतात सापडणारा काळपट, चकचकीत, गांडुळासारखाच दिसणारा वाळा हाही साप. तो बिनविषारी असून मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. आमच्याच घरी पूर्वी त्यावर मीठ टाकत असत. आता आम्ही त्याला कागदावर घेऊन मातीत सोडतो.

नातवाला मी भाच्याचे सगळे म्हणणे कळवले. त्याने खताच्या डब्यावर चिठ्ठी लावली आहे, "ही फक्त मातीसाठी", आणि फ्रीजमधल्या डबीवर दुसरी, "ही सापासाठी". दोन्ही मराठीत. लेक म्हणते, त्याचे मराठी शुद्धलेखन इतके दिवस रखडले होते, ते सापाने मार्गी लावले.